लॅमिनेशन केलेला राक्षस

"कडंला धर गं, पोटात धरू नगंस." आक्का कायम म्हणायची, अन् मला त्ये नेमकं तवा आठवलं जवा कार्ड निम्मं मशिनीत गेलं हुतं अन् निम्मं भाईर हुतं.

मी म्हणलं, "थांबा भाऊ, थांबा, मागं घ्या त्ये."

झेरॉक्सवाला भाऊ म्हणला, "ताई, ह्ये मागं येत नसतंय. गेलं की गेलं."

मशीन गरम, घूं घूं आवाज, अन् त्या दोन रुळांच्या मधनं कार्डावरच्या राक्षसाचं डोकं गेलंच हुतं, मग पाठ गेली, मग शेपूट. पलीकडनं भाईर आलं तवा त्येच्या पाठीवरची सोनेरी चमक फुगून काळी पडलेली, तव्यावर पापड फुगावा तशी. भाऊनं कातरीनं कडा कापल्या अन् कार्ड टेबलावर ठोकून दाखवलं. "आता पाण्यात टाका न्हाईतर पोरांच्या हातात द्या, काय हुईत न्हाई."

"वरचं ह्ये काढता येतं का?"

"काढायला करतात व्हय लॅमिनेशन?"

कार्ड माझ्या मालकांचं, त्यांच्या ल्हानपणीचं. त्यांनी त्ये आमच्या पोरीला दिलेलं, आरूला. आरूनं सकाळी माझ्याकडं ठिवायला दिलेलं. अन् चार वाजता तिचा कार्डांचा सामना.

तुमी म्हणाल, एक पत्त्यासारखं कार्ड, त्येच्यासाठी एवढं काय. म्हणून तर आधी आक्का सांगाय पायजे. आक्का कळली न्हाई तर म्या ह्ये का केलं त्ये कुणालाच कळायचं न्हाई. मला तरी कुठं नीट कळलंय.

आमी सांगलीत ऱ्हातो, मार्केट यार्डाच्या मागल्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाला आक्काची खोली, खोलीफुडं चार पायऱ्या. तिला नाव हुतं, पर आमी कवा घेतलं न्हाई, ल्हानथोर सगळी आक्काच म्हणायची. माहेर जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या कडंला, म्हणून बोलता बोलता मधीच कानडी यायचं. कायबी हातात दिलं की म्हणायची, "नोडोण." म्हंजे, बघूया.

चाळीस वर्सं तिनं हळदीच्या वखारीत बसून हळकुंडं निवडली. नखं पिवळी ती पिवळीच. हळकुंड दोन बोटांत कडंला धरायचं, नाकाशी न्यायचं, फरशीवर टाकून आवाज ऐकायचा, अन् मग मोडून पोट बघायचं. काम सुटलं तरी सवय सुटली न्हाई. नारळ असू दे, वांगं असू दे, लग्नाची पत्रिका असू दे, सगळं नाकाशी. एकदा शेजारच्या काकूंनी नवा मोबाईल दावला तर आक्कानं त्योबी हुंगला.

काकू म्हणल्या, "आवं आक्का, मोबाईलला वास असतोय व्हय?"

"असतोय की. ह्यो कुणीतरी वापरल्याला हाय."

अन् खरंच वापरल्याला निघाला. काकूंनी दुकानात जाऊन भांडान केलं.

मी औंधाकडच्या खेड्यातली. सातवी झाली अन् शाळा सुटली, अठराव्या वर्सी लगीन, एकोणीसला आरू. मालक मिल्ट्रीत. आरूच्या शाळंसाठी आमी सांगलीत खोली घेतली अन् मी एकटीच पोरीला घेऊन आले. मी पहिल्यापास्नं भित्री. गॅस बंद केला का म्हणून तीनदा मागं येऊन बघणारी. पहिल्या दिवशी सामान उतरताना आक्कानं माझ्याकडं लय येळ बघितलं. काकूंनी तिला इचारलं, "काय आक्का, कशी वाटती नवी पोरगी?"

आक्का म्हणली, "वल्ली हाय. वल्ल्या हळदीची पारख करत न्हाईत."

बाया हसल्या. मीबी हसले. पर त्ये वाक्य माझ्या आत कुसळासारखं बसलं. चार वर्सं मी वाट बघत हुते, ही कवा तरी माझ्याबद्दल काय तरी बोलंल. वांग्याबद्दल बोलायची. माझ्याबद्दल न्हाई.

आता कार्डांचं सांगते. आमच्या गल्लीतल्या पोरी राक्षसांच्या कार्डांनी खेळतात. परतेक कार्डावर एक राक्षस, त्यो मारतो किती अन् सोसतो किती त्येचं आकडं, अन् खाली बारीक इंग्रजीत त्येचा गुण. मेलं की कार्ड बाजूला ढिगात टाकायचं. आक्काच्या पायऱ्यांवर खेळ चालायचा. आक्काला अक्षर वाचता यायचं न्हाई, तरी महिन्याभरात तिला समदी कार्डं चित्रावरनं पाठ झाली. पोरी कार्ड बदलाबदली करायच्या आधी तिच्याकडं न्यायच्या. ती कडंला धरून उन्हात तिरकं करायची, हुंगायची, अन् म्हणायची, "चमक लय, दम न्हाई. नगं घिऊस."

मागच्या खेपंला मालक सुट्टीवर आलं तवा त्यांनी टरंकंतनं आपलं एक जुनं कार्ड काढून आरूला दिलं. कासवासारख्या पाठीचा राक्षस, कडा पिवळ्या पडलेल्या. त्ये कार्ड म्या आठ वर्सं टरंक पुसताना बघितलं हुतं. दोनदा तर फेकाय निघाले हुते.

आरू त्ये घेऊन पळत गेली. गल्लीतली इंग्रजी शाळंतली एक मोठी पोरगी हसली. "हे खूपच जुनं आहे गं. आता कुणी लावत नाही हे. आताच्यांची ताकद बघ."

आक्का म्हणली, "आण हिकडं. नोडोण."

मी नळावर हंडा लावून उभी हुते, सगळं ऐकत.

"मारतो किती?"

"दोन," आरू म्हणली.

"आन् सोसतो?"

"सहा."

"आताची किती मारत्यात?"

"आठ. नऊबी."

"सोसत्यात?"

"दोन. तीन."

"हां. खाली बारीक काय लिवलंय?"

आरूनं बोट ठिवून ठिवून वाचलं. ह्यो मेला की ढिगातनं दुसरं एक मेलेलं कार्ड परत हातात घ्यायचं.

"कंचंबी?"

"कंचंबी."

तीन दिवस आक्कानं पोरींना फुडं बसवून डाव खेळाय लावलं अन् नुसती त्या मेलेल्या कार्डांच्या ढिगाकडं बघत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणली, "ह्यो मारणारा न्हाई, सोसणारा हाय. तुझ्या बापानं घेतला तवा ढिगात दोन-चार पानं असायची, त्यातनं ह्यो काय उचलणार? आता ही तरणी पानं दणादणा मारत्यात अन् दणादणा मरत्यात. ढीग केवढा झालाय बघ की. पान त्येच हाय, पोरी. बाजार फिरला." मग तिनं पोरींना पेवाची गोष्ट सांगितली, हरिपूरला जमिनीत खोल खड्डं करून त्यात हळद कशी पुरून ठिवायची, वर माती सारवायची, अन् बाजार फिरला की कशी वर काढायची, जशीच्या तशी.

त्या दिवशी आरूनं त्या इंग्रजी शाळंच्या पोरीला तीनदा हरवलं.

मला बरं वाटाय पायजे हुतं. माझ्या मालकांचं कार्ड, माझी पोरगी. पर माझा जळफळाट झाला. घरात आठ वर्सं हुतं त्ये, मला कचरा दिसला, अन् त्या बाईला तीन दिवसात दिसलं त्यात काय हाय त्ये. सातवी शिकलेली मी, अन् ती अंगठेबहाद्दर.

तवापास्नं तर आरू घरी नुसती जेवाय यायची. म्या धपाटं केलं की म्हणायची, "आक्काचं वाईच तिखट असतंय." म्या येणी घातली की जाऊन आक्काकडनं सोडून परत घालून यायची. एकदा म्या म्हणलं, मलाबी शिकव की खेळ. ती दोन डाव खेळली अन् म्हणली, "आई, तुला न्हाई कळायचं, तू घाबरून सगळी चांगली कार्डं हातातच ठिवतीस." खरंच ठिवायची मी.

अन् त्यो पदर. पूर्वी यार्डात हळदीचा सौदा कापडाखाली व्हायचा, घेणारा अन् इकणारा दोघांनी टावेलाखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं एक शबूद न्हाई. आक्का बाई माणूस, तिला कोण कापडाखाली हात घालू देतंय. पर ती वरनं टावेल हालताना बघून आत काय चाललंय त्ये सांगायची म्हणं. ती बोटं तिनं आरूला शिकवली. दोघी पायरीवर बसायच्या, आक्काच्या पदराखाली दोघींचं हात, अन् चेहरं एकदम साळसूद. मग एकदम दोघी हसायच्या.

"काय चाललंय गं?" मी इचारायची.

"काय न्हाई," आरू म्हणायची, अन् पदर हालायचा.

फक्त एक खूण मला ठावं हुती, कारण ती आक्कानं सगळ्यांफुडं सांगितलेली. बोटं झाली की शेवटी आख्खी मूठ आवळून धरायची. म्हंजे सौदा झाला. त्येच्यानंतर जो बोलला त्येची यार्डातली पत गेली.

मालकांचा फोन आला तरी तसंच. आठवड्यातनं एकदा रेंज मिळायची, त्यातलं निम्मं आक्कानं काय सांगितलं ह्येच्यात. "आक्काला नमस्कार सांग. आक्काला म्हणावं, मलाबी एवढं सुचलं नव्हतं." शेवटाला मला, "बाकी तू बरी हायस न्हवं?" अन् कट.

मग इश्रामबागेकडल्या एका खेळण्याच्या दुकानात पोरांचा सामना ठरला. रविवारी चार वाजता. आक्का गुरवारी जतला गेली हुती, भावाचं दुखणं हुतं, रविवारी येणार म्हणली हुती. रविवारी सकाळी आरूनं कासवाचं कार्ड माझ्या हातात दिलं. "आई, ठिवशील? मी न्हाऊन येते. हरवू नगंस."

चार महिन्यात पहिल्यांदा तिनं त्ये कार्ड मला दिलं. अन् माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ह्या कार्डासाठी आपण असं काय तरी करू जे आक्कानं केलेलं न्हाई. आता बघा, आमच्या घरात जे जे जपायचं त्येचं लॅमिनेशन. लग्नाचा दाखला, जातीचा दाखला, आरूचा जन्मदाखला, मालकांचा भरतीचा कागद. कागद चांगला असला की पहिल्यांदा झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा, एवढंच मला ठावं. कडा झिजल्यात, वरची चमक उडाय लागली, आरू बघंल अन् म्हणंल, आईनं केलं. मी चपला घातल्या अन् पळाले. पुढचं तुमाला सांगितलंच.

घरी आले तर आरू केस पुसत दारात. म्या हात मागं केला. मग वाटलं सांगावं. मग वाटलं हरवलं म्हणावं. त्येवढ्यात ती म्हणली, "आई, आज सगळी कार्डं मागनं एकसारखी दिसाय पायजेत. एखादं जाड न्हाईतर येगळं लागलं हाताला, तर दुकानवालं काढून टाकतात."

म्या म्हणलं, "वाईच थांब, आले." अन् तशीच आक्काच्या खोलीकडं.

कुणाकडं गेले बघा. जिच्यावर जळत हुते तिच्याकडं. दुसरं कोण हुतं मला.

आक्का पहाटंच्या यष्टीतनं नुकतीच उतरून आली हुती, गाठोडं अजून दारात. म्या काय न बोलता कार्ड फुडं केलं. तिनं सवयीनं कडंला धरलं. कडा प्लास्टिकच्या, तिचं बोट सरकलं. नाकाशी नेलं. फरशीवर टाकलं, टप्प असा आवाज आला, मेलेला. एक कोपरा नखानं उचकटून बघितला, तर वरच्या प्लास्टिकसंगं चित्राचा पापुद्रा यायला लागला. लगीच सोडून दिला.

"खेळायचं गेलं," ती म्हणली. "ठिवायचं झालं."

मी रडाय लागले. "आक्का, ती मला परत कायसुदीक हातात द्यायची न्हाई. आवं, एकदाच दिलं हुतं तिनं. तिच्या बापाला मी काय सांगू?"

"का केलंस?"

मी खोटं बोलाय गेले अन् तोंडातनं खरं आलं. "तुमी केलं नव्हतं म्हणून."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. तसंच, चार वर्सामागं सामान उतरताना बघितलं हुतं तसं. मग म्हणली, "भाऊ एकटा हाय तिकडं. मेंढरं बघाय कोण न्हाई. आठ दिवसात मी जाणार हाय, कायमची. खोली सोडली म्हणून येता येता खोलीच्या मालकाला सांगून आले."

मला कळंना ही ह्ये आता का सांगती.

तवर आरू मागनं आली. तिनं आक्काच्या हातात कार्ड बघितलं. प्लास्टिक बघितलं. काळी पडलेली पाठ बघितली. रडली न्हाई, नुसती पांढरी पडली.

"कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं हुतं. पर आक्का माझ्या आधी बोलली.

"म्याच सांगितलं हुतं तुझ्या आईला, जतला जाताना, गुंडाळून आण म्हणून. टिकंल म्हणलं. माझं चुकलं, पोरी."

"तुमी?"

"व्हय. पारख चुकली."

अन् त्याच वक्ताला तिनं आपल्या पदराखालनं माझा हात धरला अन् आख्खी मूठ आवळली. घट्ट. तिची ती पिवळी नखं माझ्या हाताला रुतली.

आरूनं कार्ड हिसकावून घेतलं, अन् आक्काकडं पाठ करून माझ्या कंबरंला मिठी मारली. लय दिवसांनी. अन् सांगायला लाज वाटती, पर त्या एवढ्या भीतीतबी मला पहिलं काय वाटलं असंल तर गार वाटलं. आक्का म्हणत हुती, "आगं, त्येच्या जागी त्यो दगडाचा राक्षस लाव, त्योबी सोसतोय," अन् आरू म्हणली, "मला नगं तुमचं सांगणं." अन् मी गप.

आरू दुसऱ्याच डावात हरली. परत येताना रिक्षात माझा हात धरून बसली अन् म्हणली, "आक्कामुळं." मी गप.

मालकांचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणलं, "आक्कानं केलं असंल तर काय तरी इचार करूनच केलं असंल." तवाबी आक्काच खरी. मी दात खाल्लं, अन् तवाबी गप.

आठव्या दिवशी भावाचा पाव्हणा टेंपो घेऊन आला. एक कॉट, दोन पातेली, एक पत्र्याची पेटी, झालं सामान. गल्लीतल्या समद्या पोरी पायऱ्यांवर. आरू आली न्हाई, आत भिताडाकडं तोंड करून बसली. म्या दोनदा हाक मारली, पर मोठ्यानं न्हाई मारली.

आक्का टेंपोत बसायच्या आधी माझ्याकडं आली. माझा हात कडंला धरला, मनगटाला, दोन बोटांनी. बांगड्यांवर एक टिचकी मारली अन् आवाज ऐकला. मला वाटलं आता बोलंल. चार वर्सं थांबले हुते.

"नोडोण," म्हणली, अन् गेली.

त्याला आता सात-आठ महिनं झालं. संक्रांतीला जतकडनं कुणाच्या तरी हातनं हळदीची पुडी आली. आरूनं पिशवी बघितली अन् पलीकडं सरकवली. मी ती डब्यात भरली. कालवण करताना रोज आक्काच्या हळदीची चिमट सोडते, आरू रोज खाते, तिला ठावं न्हाई. कासवाचं कार्ड आता देवाच्या फोटोमागं हाय, पाण्यात टाकलं तरी भिजायचं न्हाई.

कालच्या सांजंला आरू माझ्याजवळ यिऊन बसली. म्हणली, "आई, तुला बोटं शिकवू? आक्कानं शिकवल्यात, पर आपण खेळू." माझ्या पदराखाली तिनं हात घातला. एक बोट धरलं, दोन धरली, अंगठा दाबला, कशाला काय म्हणायचं त्ये सांगितलं. मला येत न्हवतं, ती हसत हुती. गल्लीतल्या बाया बघत हुत्या, अन् मला वाटलं, बघू देत. जे पायजे हुतं त्ये समदं पदरात हाय माझ्या.

मग तिनं माझी आख्खी मूठ आवळली अन् म्हणली, "ह्ये आलं की सौदा झाला. आता बोलायचं न्हाई हां, आई."

जत काय लांब न्हाई, सकाळची यष्टी धरली की दुपारला पोचतंय माणूस. अन् आक्का हाय अजून तिकडं. मी बोलले तर आक्कासंगचा सौदा मोडतोय, अन् ही मूठ सुटंल ती परत कवा गावंल कुणाला ठावं. न्हाई बोलले तर माझी पोरगी जलमभर चुकीच्या माणसाकडं पाठ करून बसंल. माझा हात तिच्या हातात तसाच हुता, मला न सोडवता येत हुता न ठिवता. तुमी असता तर काय केलं असतं?